पूरव्हीलचा कडा आणि अबू हलीफाची भिंत

एका चित्राविषयी लिहायचे आहे. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, पण माझी त्याची पहिली भेट झाली ती कुवेतमध्ये, अबू हलीफा येथे, आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी. १९८२ साली मी तेथील एका भारतीय शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून गेलो आणि तीन वर्षे बंधूंच्याच बिऱ्हाडी राहिलो. बैठकीच्या खोलीत दिवाणाच्या वर हे चित्र टांगलेले असे. कसल्याशा कंपनीच्या मोठ्या कॅलेंडराचे ते पान होते. वर्ष संपल्यावर वहिनींनी तारखांचा भाग कात्रीने कापून टाकला आणि फाहाहीलच्या बाजारातून चौकट करून आणली. खाली बारीक अक्षरांत चित्रकाराचे नाव क्लोद मोने, चित्राचे नाव 'पूरव्हीलच्या कड्यावरची फेरी' आणि साल १८८२, एवढा मजकूर तेवढा शिल्लक होता.

ज्या वाचकांनी हे चित्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. समुद्रकाठचा उंच कडा आहे. कड्याच्या माथ्यावर दाट गवत. त्या गवतात, टोकापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, दोन स्त्रिया उभ्या आहेत. एकीच्या हाती छत्री आहे. पलीकडे खाली समुद्र, निळा आणि हिरवा, आणि त्यावर पांढऱ्या शिडांचे ठिपके विखुरलेले. उजव्या बाजूस कड्याचा दुसरा सुळका पाण्यात उतरला आहे. वर आभाळ आणि ढग. घटना म्हणाल तर काहीच नाही. वारा आहे एवढेच. पण वारा असा आहे की गवत, लुगड्यासारखे फडफडणारे त्या बायांचे झगे आणि समुद्राच्या लाटा ही तिन्ही एकाच जातीच्या फटकाऱ्यांनी रंगवली आहेत, आणि नजर एकीकडून दुसरीकडे सरकते तेव्हा आपण जमिनीवरून पाण्यावर केव्हा आलो ते तिला कळत नाही.

वहिनींचे माहेर रेवदंड्याचे. त्यांनी हे चित्र पहिल्या दिवशीच ओळखले होते. "ही कोर्लईची वाट," त्या म्हणत. बंधू म्हणत, "अगं, खाली लिहिलंय, फ्रान्सचं आहे." त्यावर वहिनी म्हणत, "लिहिणाऱ्याला काय ठाऊक!" आणि त्या दोन बाया म्हणजे आपण आणि आपली आक्का, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. आलेल्या-गेलेल्याला त्या बोट ठेवून दाखवीत : छत्रीवाली आक्का, मागची मी.

आक्का १९६४ साली इस्राएलला गेल्या. वहिनी लग्न होऊन मुंबईत आल्या आणि १९७४ साली बंधूंच्या पाठोपाठ कुवेतला. त्या काळी कुवेतहून इस्राएलला ना टपाल होते ना टेलिफोन. बंधूंच्या कागदपत्रांवर 'भारतीय' एवढे लिहिलेले पुरत असे आणि त्यापुढे कोणी विचारले नाही. पण आक्कांना पत्र पाठवायचे तर ते आधी मुंबईस आईकडे जाई, आई ते नव्या पाकिटात घालून पुढे पाठवी, आणि उत्तर त्याच वाटेने उलटे येई. एका पत्राचा फेरा पुरा व्हायला दोन-अडीच महिने लागत. तेव्हा भिंतीवरचे हे पान वहिनींना नुसती शोभा नव्हते.

मी नवा नवा शिक्षक. मला वाटले, वहिनींना चित्र कसे पाहावे ते शिकवले पाहिजे. म्हणून एका शुक्रवारी दुपारी मी त्यांना हा दृक्प्रत्ययवाद म्हणजे काय ते सांगत बसलो. तेव्हा जे सांगितले ते आजही चूक नाही, म्हणून थोडक्यात येथे देतो.

१८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला पाठ फिरवून स्वतःचे प्रदर्शन भरवले. त्यात मोनेचे 'इंप्रेशन, सूर्योदय' हे ल हाव्र बंदराचे चित्र होते. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्यावरून थट्टेने 'इंप्रेशनिस्ट' हा शब्द वापरला आणि तोच पुढे पंथाचे नाव झाला. वस्तू आहे तशी नव्हे, तर या घडीच्या उजेडात डोळ्याला जशी भासते तशी रंगवायची, हा त्यांचा बाणा. त्यासाठी चित्रशाळेतून बाहेर पडून उघड्यावर काम करायचे. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची पिळता येणारी नळी काढली, आणि तयार तैलरंग खिशात घालून हिंडणे सोपे झाले. ती नळी नसती तर हा पंथ बहुधा समुद्रापर्यंत पोचलाच नसता. मोने पॅरिसमध्ये १८४० साली जन्मला, पण वाढला ल हाव्रला, समुद्रावर. तेथेच यूजेन बूदँ या चित्रकाराने त्याला उघड्यावर रंगवायची गोडी लावली.

या मंडळींत आपल्याला जवळचा वाटावा असा एक माणूस होता, कामीय पिसारो. वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या ज्यू कुटुंबात १८३० साली जन्मलेला. १८७४ ते १८८६ या काळात या चित्रकारांची आठ प्रदर्शने झाली; आठांतही चित्रे मांडणारा तो एकटाच. पुढे ड्रेफसच्या खटल्यात फ्रान्स दुभंगला तेव्हा देगा आणि रन्वार विरुद्ध बाजूस गेले, देगाने तर पिसारोशी जुनी मैत्री तोडली. मोनेने मात्र झोलाची पाठ राखली. चित्र चांगले की वाईट हे यावरून ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरी घराच्या भिंतीवर कोणाला टांगतो आहोत ते माहीत असलेले बरे.

हा उजेड मुंबईला कसा आला तेही मी वहिनींना सांगितले होते. हिटलरच्या छळापासून निघालेली काही माणसे तिसाव्या दशकात मुंबईस आली. त्यांपैकी ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. त्यांच्या पत्नी ज्यू होत्या. रूडी फॉन लायडन समीक्षा लिहीत, आणि व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंजर नव्या चित्रकारांची चित्रे विकत घेत. रझा, आरा यांच्या पिढीला या तिघांचा मोठा आधार मिळाला. आणि आपल्या समाजाचे निसीम इझिकेल, ज्यांना सारे कवी म्हणूनच ओळखतात, त्यांनीही १९६४ ते १९६६ या काळात टाइम्समध्ये कलासमीक्षा केली होती. वहिनींनी हे सारे ऐकून घेतले, चहा ओतला आणि विचारले, "बरं भावजी, पण त्या दोघी कोण?"

हा प्रश्न मी तेव्हा टाळला. चेहरे रंगवलेलेच नाहीत, त्या कोणीही नाहीत, त्या केवळ दोन रंगठिपके आहेत, गवताचा आणि समुद्राचा मेळ बसवण्यासाठी ठेवलेले, असे काहीसे मी उत्तर दिले. शाळेत शिकवायला ते उत्तर ठीक होते. आज ते मला अपुरे वाटते.

हकीकत अशी. १८८२ च्या फेब्रुवारीत मोने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेला तो सुखाने नव्हे. पत्नी कामीय १८७९ साली वारली होती. आलीस ओशदे नावाची बाई आपली सहा मुले घेऊन त्याच्या घरी राहत होती, तिचा नवरा जिवंत होता, आणि लोक बोलत होते. मोनेची स्वतःची दोन मुले, म्हणजे घरात आठ पोरे. त्याच जानेवारीत फ्रान्समधली एक मोठी बँक बुडाली आणि तिच्याबरोबर त्याचा व्यापारी ड्युराँ-रुएल अडचणीत आला. पंथातल्या मित्रांत भांडणे लागली होती. सातव्या प्रदर्शनाचे काम मोनेने ड्युराँ-रुएलवरच सोपवले. दिएप शहर त्याला रुचले नाही, पण जवळच्या पूरव्हील या कोळ्यांच्या लहान गावात त्याचे मन रमले. उन्हाळ्यात त्याने आलीसला आणि मुलांना तेथेच बोलावून घेतले. चित्रातल्या त्या दोघी बहुधा आलीसच्या थोरल्या मुली, मार्त आणि ब्लाँश. संग्रहालयाचे अभ्यासक 'बहुधा' म्हणतात, मीही तेवढेच म्हणतो. पण मग वहिनींनी चेहरे नसताना, काहीही वाचलेले नसताना, त्या दोन बहिणी आहेत हे ओळखले होते.

याची खूण चित्रात आहे, असे मला आता वाटते. अनोळखी दोन माणसे कड्यावर उभी राहिली तर मध्ये अंतर ठेवतात, किंवा एकमेकींकडे वळून बोलतात. या दोघी तसे करीत नाहीत. एक थोडी पुढे, एक मागे. दोघींना वारा एकाच बाजूने लागतो आहे, आणि बोलण्याची गरज कोणालाच दिसत नाही. हे फटकाऱ्यांतून दाखवायचे म्हणजे सोपे काम नव्हे.

'मनात येईल तसे फटकारे मारले' असा या पंथावर जो आरोप होतो, त्याला उत्तरही याच चित्रात आहे. संग्रहालयाने क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा दिसले की उजव्या टोकाचा खडक मोनेने आधी मोठा रंगवला होता, मग छाटून लहान केला. म्हणजे उघड्यावर, वाऱ्यात, भराभर काम केले खरे. पण नंतर पाहिले, तोलून पाहिले, आणि समुद्राला नि आभाळाला जागा करून दिली. खडक मोठा राहिला असता तर चित्र जड झाले असते, आणि त्या मुली एका बंद खोलीत उभ्या असल्यासारख्या वाटल्या असत्या.

आता कोर्लईचा मुद्दा. मी वहिनींशी वाद घातला तो पुराव्याने. पहिली गोष्ट म्हणजे दगड. पूरव्हीलचा कडा खडूचा आहे, पांढरा; आपला कोकणातला काळा कातळ. पण चित्रात माथ्यावरचे गवतच अधिक दिसते, त्यामुळे हा पुरावा त्यांना मान्य झाला नाही. मग मी दुसरा काढला, आणि तो बिनतोड आहे अशी माझी खात्री होती. मी म्हणालो, "वहिनी, गवत हिरवंगार आहे की नाही? आणि समुद्रावर शिडं आहेत की नाही? आपल्याकडे डोंगर हिरवा असतो तेव्हा पावसाळा असतो, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. होड्या समुद्रात जातात तेव्हा गवत वाळून पिवळं झालेलं असतं. ही दोन्ही एकदम कोकणात दिसायची नाहीत. म्हणून हे कोर्लई नव्हे."

वहिनी काही वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नारळी पौर्णिमा झाली की होड्या जातात. तेव्हा गवत कुठं वाळलेलं असतं? दोन-तीन आठवडे दोन्ही असतं." आणि थोड्या वेळाने, "आक्का गेली ती तेव्हाच. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, नव्याचा सण यायचा होता. आदल्या दिवशी आम्ही तरीतून खाडी ओलांडून वर गेलो होतो."

मी शिक्षक, आणि कोकणचा ऋतू मला एका स्वयंपाक करणाऱ्या बाईने शिकवला. कोर्लईचे ते चित्र नव्हतेच. पण माझा बिनतोड पुरावा खोटा होता, हे येथे नोंदवून ठेवतो.

अबू हलीफाला ज्यांनी पाहिले आहे त्यांना वहिनींचा हट्ट कळेल. किनारा सपाट, पाणी उथळ आणि फिके, ओहोटीला लांबवर ओल्या वाळूचा पट्टा. उन्हाळ्यात धुळीमुळे क्षितिज असे नसतेच. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी कापडाचे. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, तेथे तो समुद्रातून वर येतो, आणि वहिनींना सोळा वर्षांत हे एकदाही पटले नाही. जुन्या काळी हे किनाऱ्यावरचे साधे गाव. कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबईला आणि मलबारला जात, मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६१ पर्यंत तेथे आपला रुपयाच चालत असे. मी गेलो तेव्हा शिडे कधीच संपली होती. क्षितिजावर असत ते अहमदी बंदरासाठी थांबलेले टँकर. आणि १९८४ पासून इराण-इराकच्या लढाईत टँकरांवर हल्ले सुरू झाल्यावर त्यांच्याकडेही लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. उंचावरून समुद्र पाहायचा तर एकच कडा होता, आमची इमारत. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत लोखंडी कठड्याला धरून आम्ही संध्याकाळी उभे राहत असू. मागे वळले की खोलीतले चित्र दिसे.

या चित्राच्या भाववृत्तीविषयी मला जे म्हणायचे आहे ते त्या गॅलरीत सुचले. चित्रात कडा आहे, कठडा नाही. पायवाटही स्पष्ट अशी दिसत नाही. चित्राचे नाव 'फेरी' आहे पण फेरी कोठून सुरू झाली आणि परत कोठून जायचे ते चित्रकाराने दाखवलेले नाही. आपण पाहणारे त्या मुलींच्या मागे गवतात उभे आहोत, आणि आपल्या पायाखालची जमीन उतरती आहे. पोटात किंचित कालवते. आणि तरीही वारा सुखाचा आहे, ऊन सुखाचे आहे. आनंद आणि धोका येथे एकमेकांत मिसळलेले नाहीत, शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, जसे त्याने हिरव्याशेजारी गुलाबी ठेवला तसे. डोळा ते जुळवतो किंवा जुळवत नाही. एत्रताच्या मानपोर्त कमानीची त्याची १८८३ नंतरची चित्रे अधिक प्रसिद्ध आहेत आणि भव्यही आहेत. तेथे काम करताना १८८५ साली भरतीची वेळ चुकून एका लाटेने त्याला कड्यावर आपटले, चित्र आणि रंगपाटी समुद्राने नेली. पण त्या चित्रांत दगड हाच नायक आहे, माणूस असला तर मुंगीएवढा. मला पूरव्हीलचे चित्र अधिक मोलाचे वाटते ते त्या दोघींमुळे. त्या नसत्या तर उंची कळली असती, भीती कळली नसती.

वहिनींना मात्र हे चित्र उदास वाटे. "किती निळं आहे बघा," त्या म्हणत. आणि मला कबूल केले पाहिजे की मलाही तसेच वाटे. १९८५ साली मी मुंबईस परतलो तेव्हा ठाण्याच्या एका व्याख्यानात मी या चित्राचे वर्णन 'निळ्या विषादाचे चित्र' असे केले होते. टाळ्या पडल्या होत्या.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. बंधू आणि वहिनी सप्टेंबरात निघाले, बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीवर, तेथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत दीड लाखांहून अधिक भारतीय असेच आणले गेले. प्रत्येकी एक बॅग. चित्र भिंतीवरच राहिले. घर कोणी फोडले, कोणी राहिले, काही कळले नाही. बंधू १९९३ साली गेले. त्याआधीच्या जानेवारीत, म्हणजे १९९२ साली, भारत आणि इस्राएल यांचे राजकीय संबंध जुळले होते, आणि १९९४ साली वहिनी अश्दोदला आक्कांकडे राहायला गेल्या.

मी मूळ चित्र पाहिले ते २००३ साली. पुतण्या शिकागोत नोकरीस होता, त्याने नेले. चित्र अपेक्षेपेक्षा लहान आहे, साडेसहासष्ट सेंटिमीटर उंच आणि ब्याऐंशीच्या आसपास रुंद. मी समोर उभा राहिलो आणि पहिल्या क्षणी वाटले, चुकीच्या दालनात आलो. निळा विषाद कोठेच नव्हता. गवतात पिवळा होता, गुलाबी होता, मधूनच तांबूस. छत्री उबदार रंगाची. सुळक्याच्या सावलीतही जांभळ्याबरोबर नारिंगी झाक. सारे चित्र ऊबेने भरलेले.

त्याचे कारण कळायला फार वेळ लागला नाही. शिक्षकाला ते वीस वर्षांपूर्वीच कळायला हवे होते. छापील चित्रात चार शाया असतात, निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. उन्हात किरमिजी आणि पिवळी आधी उडतात, निळी मागे राहते. अबू हलीफाच्या त्या खोलीची खिडकी पूर्वेला होती आणि रोज सकाळी समुद्रातून उगवलेले ऊन नेमके दिवाणावरच्या भिंतीवर पडे. कुवेतच्या उन्हाने आठ-दहा वर्षांत मोनेच्या चित्रातला उन्हाळा धुऊन काढला होता. आम्ही ज्याला चित्राची भाववृत्ती म्हणत होतो ती त्या भिंतीची होती. माझ्या व्याख्यानातला विषाद मोनेचा नव्हता, शाईचा होता.

यावरून कोणी म्हणेल की मग वहिनींचे चित्र खोटे होते. मला तसे म्हणवत नाही, पण समीक्षक म्हणून दोन चित्रे वेगळी करून ठेवणे माझे काम आहे. मोनेने रंगवले ते आठवणीचे चित्र नाही. तो घरापासून दूर होता, कर्जात होता, लोकांच्या तोंडी होता, आणि तरी त्याने त्या दिवशीच्या उजेडाखेरीज दुसरे काही चित्रात येऊ दिले नाही. आपण परदेशी राहणारी माणसे अशा प्रत्येक चित्रात गाव शोधतो, आणि गाव सापडले की चित्र पाहणे थांबवतो. मीही तेच केले होते, फक्त भारी शब्दांत. वहिनींनी निदान ऋतू तपासून पाहिला होता.

शिकागोहून मी चांगल्या छपाईची एक मोठी प्रत आणली आणि २००४ साली अश्दोदला गेलो तेव्हा दोघी बहिणींसाठी घेऊन गेलो. त्या आठवड्यात आम्ही रोश हानिक्राला गेलो होतो. तो कडाही पांढऱ्या खडूचा, नॉर्मंडीसारखाच. पाळण्यातून खाली उतरताना आक्कांनी डोळे मिटून घेतले, वहिनी मात्र खाली पाहत होत्या. घरी येऊन मी प्रत उलगडली. दोघींनी चष्मे लावले. आक्का म्हणाल्या, "माझ्याकडे छत्री नव्हती. छत्री तुझ्याकडे होती." यावर अर्धा तास वाद झाला. कोर्लईला आपण गेलो होतो, हे मात्र आक्कांनाही मान्य होते.

मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे फारच भडक आहे."

मी त्यांना शायांची गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी सगळे नीट ऐकले, खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीसमोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. मी म्हणालो, "तिथं ऊन येतं."

"येऊ दे की," वहिनी म्हणाल्या.

तेथेच खिळा ठोकला. गेल्या वर्षी भाचीने फोटो पाठवला त्यात छत्रीचा रंग बराच उतरलेला दिसतो आहे.